बाप्तिस्म्यानंतरची लढाई



लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. त्याची कथा या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको, तरी आजच्या विषयासाठी ती थोडक्यात आठवू. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात दडून राही आणि भोवतालच्या मुलखाला छळी. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोघी बहिणींना भुलवून विवराचा पत्ता काढला, पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि दैत्याला ठार केले. झाकण जाऊन पडले धाकेफळला. राहिला तो खड्डा, आणि त्यात साठलेले खारट पाणी. हा खड्डा उल्कापाताने पडला, हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. परंतु कथा रचणाऱ्याची नजर पाहण्याजोगी आहे. दैत्य मेला म्हणून त्याने कथा संपवली नाही. पाण्याचा खारटपणाही त्या दैत्याच्याच पदरी टाकला. दैत्याचे पारिपत्य कधीच झाले, पण पाणी अजून गोड झालेले नाही.

आपण नरकचतुर्दशीला पहाटे उठून पायाखाली कारीट फोडतो. नरकासुराला कृष्णाने एकदाच मारले. आपण मात्र त्याला दरवर्षी मारतो. एकदाच मेलेल्याला पुन्हा का मारायचे, असा प्रश्न एखाद्या चौकस पोराने घरात विचारला, तर आपल्याजवळ झटकन द्यायला उत्तर नसते.

आज मी जो प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहे तो याच जातीचा आहे, पण दुसऱ्या घरातला. येशू ख्रिस्ताच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने पाप, मृत्यू आणि सैतान यांचा कायमचा पराभव झाला, अशी ख्रिस्ती धर्माची श्रद्धा आहे. पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तर जिंकलेल्या शत्रूची धिंड काढल्याचे चित्र आहे. मग त्याच पौलाने इफिसच्या मंडळीला ढाल, शिरस्त्राण आणि तलवार घेऊन उभे राहायला का सांगावे? शत्रू हरला असेल तर चिलखत कशाला? आणि चिलखत हवेच असेल तर विजय कसला? मी धर्मोपदेशक नव्हे, आणि कोणत्याही धर्माची बाजू घ्यायला येथे उभा राहिलेलो नाही. ज्या मराठी माणसांनी हा प्रश्न पोथीत न वाचता स्वतःच्या अंगावर घेतला, त्यांचा इतिहास आपल्याला सांगावा एवढाच माझा हेतू आहे. शास्त्रार्थापेक्षा त्या माणसांचीच हकीकत मला मोलाची वाटते.

तरी शास्त्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल आपल्या मनाची फाळणी सांगतो : जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही, आणि जे नकोसे वाटते तेच होते. हा बोलणारा कोण? ख्रिस्ती होण्यापूर्वीचा पौल, की झाल्यानंतरचा? सेंट ऑगस्टीनने आधी म्हटले, पूर्वीचा. पुढे वय वाढले, बिशपपणाच्या जबाबदारीत माणसे जवळून पाहिली, आणि त्याने मत बदलले : हा नंतरचाच पौल. मला या मतांतरात फार मोठा अर्थ दिसतो. तरुणपणी माणसाला वाटते, निर्णय झाला की लढाई संपली. सोळाव्या शतकात लूथरने तर माणूस एकाच वेळी नीतिमानही आहे आणि पापीही, असे सांगून हा पेच धर्मसिद्धान्तातच बसवून टाकला.

आपल्या काळाच्या जवळचे उत्तर ऑस्कर कुलमान या पंडिताचे. त्याचा ग्रंथ १९४६ साली, महायुद्ध नुकतेच थांबले असताना आला. त्याने दृष्टान्त युद्धाचाच दिला. निकाल लावणारी लढाई आधीच होऊन जाते, पण विजयाचा दिवस मागाहून उजाडतो. ६ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. युरोपातले युद्ध थांबले ८ मे १९४५ रोजी. ख्रिस्ती माणूस या दोन तारखांच्या मध्ये जगतो, असे कुलमानचे म्हणणे.

पण नॉर्मंडीला कशाला जायचे? आपल्या शेजारी भोकरदन-जाफराबादच्या बाजूला असईचे रण आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला. दख्खनचा निकाल त्या दिवशी लागला असे इतिहासकार म्हणतात. तरी त्यानंतर २९ नोव्हेंबरला आपल्या वऱ्हाडात आडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि तेव्हा कुठे भोसल्यांशी देवगावचा आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. विजय कोणाचा आणि पराभव कोणाचा, हे आपल्याला सलणारे आहे, ते क्षणभर बाजूला ठेवा. तह झाल्यावर तरी वऱ्हाडच्या कुणब्याला शांती लाभली काय? त्याच सुमारास दुष्काळ पडला. मागाहून पेंढाऱ्यांच्या टोळ्या गावे लुटत हिंडल्या, आणि त्यांचा बंदोबस्त व्हायला १८१७-१८ साल उजाडावे लागले. निकाल लागलेला आणि घर जळते आहे, अशी पंधरा वर्षे या मुलखाने काढली. कुलमानच्या दृष्टान्तात जी उणीव मला भासते ती हीच. दोन तारखांमधला काळ तो नकाशावर पाहतो. त्या काळात ज्याचे घर जळते त्याला नकाशाचे समाधान पुरत नाही.

आता आपल्या माणसांकडे येऊ. मराठीत ही कथा पहिल्याने मोठ्या प्रमाणावर सांगितली ती फादर स्टीफन्सने. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि भाषेचा अभिमान असा की जन्माने इंग्रज असलेल्या या माणसाने मराठीची थोरवी गावी. परक्या धर्माचा सैतान मराठीत आणायचा म्हणजे शब्दाची अडचण. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत सैतानाला ‘देवचार’ म्हणतात. तोच देवचार कोकणातल्या हिंदू खेडुताचा राखणदार आहे. गावाची शीव सांभाळतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो, आणि वर्षाला आपला मान घेतो. एकाचा राखणदार तो दुसऱ्याचा शत्रू झाला. धर्म बदलणे म्हणजे आपल्या मनातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाशी वैर धरणे होय, हे या एका शब्दावरून कळते. असे वैर एका दिवसात पुरे होत नाही.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे उदाहरण घ्या. जन्म १८२५, काशीत वाढलेले चित्पावन पंडित, षड्दर्शनांत पारंगत. ख्रिस्ती मताचे खंडन करावे म्हणून त्यांनी ते ग्रंथ हाती घेतले आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. पुढे हिंदू दर्शनांचे खंडन करणारा ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला. एवढा खंदा वाद करणाऱ्या माणसाचे मन शांत असेल असे आपल्याला वाटते. परंतु त्यांचे चरित्र सांगते की शंकांनी त्यांची पाठ जन्मभर सोडली नाही. काउली येथील साधुसंघात ते उमेदवार म्हणून गेले, पण अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. १८९५ साली ते मुंबईत वारले. विलक्षण गोष्ट ही की, त्यांचीच कन्या एलन लक्ष्मी, आईवेगळी आणि इंग्लंडात परक्यांच्या घरी वाढलेली, हिने ईश्वराच्या सान्निध्यातल्या निवांतपणावर लिहिलेले इंग्रजी गीत ख्रिस्ती जगात पुष्कळ गायले गेले. बाप शंकेत जळतो आहे आणि मुलगी विसाव्याचे गाणे रचते आहे! श्रद्धेचे गणित वडिलांकडून मुलांकडे सरळ येत नाही.

या गोऱ्ह्यांच्या लेखनाने ज्यांच्या निर्णयाला बळ मिळाले त्या म्हणजे पंडिता रमाबाई. रमाबाईंची गोष्ट मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण आजच्या प्रश्नावर मराठीत याहून स्वच्छ साक्ष नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आईबाप आणि बहीण दुष्काळात गेलेली, भाऊही वारलेला, नवराही दोन वर्षे पुरती होण्याच्या आत गेलेला. हिंदुस्थानातून बरोबर आलेली आनंदीबाई भगत हिने तेथेच जीव दिला होता. वैद्यकी शिकावी म्हणून इंग्लंड गाठले, तर कानांनी दगा दिला. अशा अवस्थेत ही बाई धर्म बदलते, आणि लगेच ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्याशीच वाद सुरू करते! त्रैक्याचा सिद्धान्त मला जसा सांगता तसा पटत नाही, माझी सद्‌बुद्धी मी कोणाकडे गहाण टाकलेली नाही, अशा आशयाची त्यांची पत्रे आता प्रसिद्ध आहेत.

पुढे अमेरिका झाली, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, दुसऱ्या वर्षी ते पुण्यास गेले. जगाच्या दृष्टीने सर्व काही यशस्वी चालले होते. आणि आत? १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की, बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एका इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त वाचताना १८९१ साली त्यांना हे उमगले, आणि मनावरचे ओझे उतरले. ध्यानात घ्या, बाप्तिस्मा १८८३चा आणि मनाची शांती १८९१ची. मध्ये आठ वर्षांचा खारट तलाव.

बरे, १८९१ला तरी लढाई संपली काय? दोनच वर्षांनी, १८९३ साली, शारदासदनावर वादळ आले. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. पूर्वीची लढाई स्वतःशी होती, ही बाहेरच्यांशी. नंतर केडगावला मुक्तिसदन झाले, मध्यप्रांताच्या दुष्काळातून शेकडो मुली त्यांनी उचलून आणल्या, आणि १९०५च्या जूनमध्ये तेथे आत्मिक जागृतीची मोठी लाट उसळली. ही लाट आली तेव्हा मुक्तीतल्या मुलींनी काय केले? त्या रडत आपली पापे कबूल करू लागल्या. ज्यांचे पाप धुतले गेले अशी शिकवण, त्याच पाप आठवून हंबरडा फोडीत होत्या. वरवर हे उलटे दिसते. मला वाटते, यात उलटे काही नाही. अंधाऱ्या खोलीत धूळ दिसत नाही. दिवा आणला की आधी ती दिसते, आणि घरधनी म्हणतो, दिव्याने घर मळवले!

पण येथे एक इशारा दिला पाहिजे. त्या काळात इंग्लंडात केझिकच्या संमेलनांतून विजयी जीवनाची एक शिकवण पसरत होती. विश्वासाने पूर्ण समर्पण करा, म्हणजे पापावर रोजच्या रोज जय मिळतो, असा तिचा सूर. रमाबाईही १८९८ साली केझिकला गेल्या होत्या. ही शिकवण पुष्कळांना उभारी देणारी ठरली. परंतु ज्याला जय मिळेना त्याचे काय? तो म्हणे, माझी श्रद्धाच खोटी असली पाहिजे. म्हणजे मोहाच्या दुःखावर आणखी एक दुःख! लढणाऱ्या शिपायाला, तू लढतोस म्हणजे तू आमचा नव्हेस, असे सांगण्यासारखे हे आहे. माझ्या मते ही शिकवण पौलाचा सातवा अध्याय गाळून आठव्यावर उडी मारणारी होती.

आणि हीच शिकवण आपल्या जिल्ह्यात आली. कॅनडात जन्मलेले ए. बी. सिम्प्सन यांनी स्थापलेली ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात काम करू लागली. अकोला हे तिचे मुख्य ठाणे. खामगाव, मलकापूर, बुलढाणा या बाजूसही तिचे पाद्री आले. ख्रिस्त तारणारा, शुद्ध करणारा, रोग बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा, असे तिचे चौपदरी सूत्र होते. १८९९-१९०० चा छपन्नचा दुष्काळ आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी राहिलेला आहे. त्यातून उरलेली पोरकी मुले या मिशनने सांभाळली. मुलांची सोय अकोल्यास आणि मुलींची खामगावास होती. कापसाच्या पेठेत, जिथे १८७० साली लॉर्ड मेयोने आगगाडीचा फाटा उघडला, तेथे या अनाथ मुली प्रार्थना शिकल्या. पलीकडे जालन्यापाशी नारायण शेषाद्रींनी त्याआधीच बेथेल नावाचे ख्रिस्ती खेडे वसवलेले होते.

खेड्यातल्या नव्या ख्रिस्ती माणसाला ‘दुष्टाचा पराभव’ या शब्दांचा अर्थ काय लागत असेल? त्याला ऑगस्टीन ठाऊक नव्हता. त्याला मरीआई ठाऊक होती, पिंपळावरचा मुंजा ठाऊक होता. आजही चिखलीच्या बाजूला पिंपळगाव सराईला सैलानीबाबाच्या यात्रेत होळीच्या सुमारास ‘लागिर’ झालेली माणसे सर्व जातिधर्मांतून येतात. यांतल्या पुष्कळांना मानसोपचाराची गरज आहे हे डॉक्टर सांगतात, आणि ते खरेच आहे. पण ज्याला भय वाटते त्याचे भय खरे असते. ख्रिस्ताने भुते काढली, हे शुभवर्तमान ऐकून खेडूत आनंदला असेल. मग एके रात्री पोर तापाने फणफणले की मन दुभंगायचे. नव्या देवाची प्रार्थना करावी, की जुनीला नारळ कबूल करावा? पाद्री याला श्रद्धेचा कच्चेपणा म्हणत. मी तसे म्हणणार नाही. त्या बापाला सिद्धान्ताची परीक्षा द्यायची नव्हती, पोर वाचवायचे होते.

याहून मोठी गोष्ट पाद्र्यांच्या नजरेतून बहुधा निसटली, आणि ती बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी पकडली. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांचे लेख आहेत. ते त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. त्यांचा मुद्दा असा की, मिशनऱ्याने या माणसाला सांगितले, तुझी अधोगती तुझ्या पापामुळे आहे. वास्तविक ती त्याच्यावर लादलेल्या समाजरचनेमुळे होती. त्यामुळे त्याची लढाई आत वळली आणि बाहेरचा शत्रू मोकळा राहिला. बाप्तिस्मा झाला तरी गावची विहीर त्याला बंदच होती. इतकेच नव्हे, पूर्वाश्रमीचे महार आणि मांग एकाच प्रभुभोजनाला बसायला कां कूं करीत, ही महाराष्ट्रातल्या मिशनांची जुनी डोकेदुखी होती. १९५६ साली नागपुरास बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यामागे हा सारा विचार होता. ‘दुष्टाचा पराभव झाला’ हे वाक्य विहिरीवर हाकलल्या जाणाऱ्या माणसाला सांगायचे असेल, तर सांगणाऱ्याने आधी विहिरीपर्यंत गेले पाहिजे. ख्रिस्ती शास्त्रात दुष्टाचे तीन गड सांगितले आहेत : सैतान, देह आणि जग. आपल्याकडे प्रवचने देहावर पुष्कळ झाली. जगाचा गड मात्र तसाच उभा राहिला.

जात ही बाहेर असते तशी आतही असते, आणि ते पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांकडे गेले पाहिजे. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरात १८६८ साली ही मुलगी जन्मली. नवरा, नारायण वामन टिळक, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने दिलेला नवा करार वाचतो आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती होतो. लक्ष्मीबाई कोसळतात, माहेरच्या माणसांबरोबर राहतात, काही काळ पंढरपुरास काढतात. पुढे नवऱ्याकडे येतात, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. नवरा ज्याला शरण गेला तो देव त्यांना हळूहळू पटू लागला होता. हाताला मात्र दुसऱ्याने भरलेली घागर पटत नव्हती. माणसे सारी एकाच ईश्वराने केली, मग जात कोणी केली, या विचाराने एकदा गाठ सुटली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की ही बाई या साऱ्याची फजिती सांगताना स्वतःलाच हसते. सोवळे पोटातून निघाले तरी बोटांत राहते, हे तिने हसत दाखवले. पंडितांनी ग्रंथ लिहून जे सांगितले, त्यापेक्षा मला हे अधिक पटते.

स्वतः टिळक तर वादळच. राग नाकावर, मनात आले की घर टाकून निघाले. बाप्तिस्म्याने हा स्वभाव पालटला नाही, आणि लक्ष्मीबाईंनीही तो झाकला नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. मला यात एक मर्म दिसते. तुकोबाचा पांडुरंग काही दुबळा नव्हे, तरी तुकोबाला रात्रंदिवस जगाशी आणि मनाशी झुंज द्यावी लागली, हे प्रत्येक वारकऱ्याला पाठ आहे. तो पूल ओलांडून आलेल्याला, देव भेटल्यावरही लढाई उरते, याचे नवल वाटायचे कारण नव्हते. परदेशी पाद्र्याला जे समजावून सांगावे लागले असते, ते टिळक पंढरीच्या वाटेवर आधीच शिकून आले होते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी झाले, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही यावेत ही त्यांची इच्छा. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईस वारले. दरबार मागे फार दिवस टिकला नाही. ख्रिस्ताचे संपूर्ण चरित्र मराठी ओवीत गावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले होते, त्याचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. जिला लहानपणी जेमतेम अक्षरओळख झाली होती ती लक्ष्मीबाई ते काम घेऊन बसली आणि तिने आणखी चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ साली तीही गेली. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्ताने, लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ छापून बाहेर आला.